पूजेला न बसवलेली गाडी

आप्पा,

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या दारात टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून चार टायर उतरले. एकेक साडेआठ हजाराचा. टेम्पोचं भाडं सहाशे, बसवायची मजुरी वेगळी. त्याच दिवशी मी बाजारातून आणलेलं म्हणजे झेंडू, पाच लिंबं, दोन नारळ आणि कापराची डबी, सगळं मिळून दोनशे साठ. तुम्हाला काही सांगायचं म्हणजे आधी काय आलं आणि किती पडलं ते सांगायचं, मग पुढचं बोलायचं, ही सवय तुम्हीच लावलेली. तुम्ही जाऊन वीस वर्षं उलटली तरी ती मोडलेली नाही. पण आज पैशाचं गाऱ्हाणं नाही. टायरचंच सांगायचंय, कारण ह्या घरात टायरचं बोलायला मला तुमच्यासारखं दुसरं माणूस नाही.

तुमचा नातू, तुम्ही पाहिलात तेव्हा रांगत होता, तो आता बापाच्या डोक्याच्या वर गेलाय. मांजरसुंब्याच्या चौकात त्याची पिकअप उभी असते. जुनीच घेतलीय, पण इंजिन चांगलं आहे. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली की ह्याला फोन येतो आणि हा लोखंडी रॉड लावून ती ओढत गॅरेजला नेऊन सोडतो. टोचन म्हणतात त्याला. काम चांगलं आहे, अडलेल्या माणसाचा दुवा मिळतो. पण मागच्या पावसाळ्यात शेताच्या वाटेवर एकाची गाडी काढायला गेला आणि हाच अडकला. मागच्या दोन चाकांच्या मधला एक्सलचा लोखंडी गोळा दगडावर टेकला, चाकं नुसती गरगर फिरली. शेवटी आष्टीकडच्या एका टोचनवाल्यानं येऊन ह्याच्यासकट दोन्ही गाड्या बाहेर काढल्या आणि चौकात चहा पिताना ते सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून पोराच्या डोक्यात बसलं की गाडी उंच पाहिजे. गाडी खरोखर उचलायची तर खालचं सगळं बदलावं लागतं, पाटे, स्प्रिंगा, तो खर्च झेपणारा नाही. म्हणून मग गाडी आहे तशी ठेवून नुसते टायर दोन साईज मोठे घालायचे असं त्यानं ठरवलं. त्यात त्याचं अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तो गोळा फार तर एक बोट वर गेला असता, पण ज्याचा गोळा टेकलेला असतो त्याला एक बोटही पुष्कळ वाटतं.

टायर अंगणात आडवे पडले होते तेव्हा मी वातीचा दोरा आणला आणि आधी गाडीच्या जुन्या चाकाला गुंडाळून बघितला, मग नव्याला. चार बोटं जास्त लागला. पोरगा ओसरीवर जेवत होता. म्हणाला, आई, तू वाती वळ, गाडीतलं तुला काय कळतंय. हे बाजूलाच बसले होते, ह्यांचं नेहमीचंच, पोरगं कमावतंय, त्याच्या मनासारखं होऊ द्या. मी म्हटलं, उतारावर काय होईल. तो म्हणाला, उतारावर काय व्हायचंय, टायर रुंद हाय म्हंजे पकड वाढणार. भाकरीचा तुकडा तोंडात होता, तो गिळून आणखी म्हणाला, तुझे आप्पा पत्र्याची जीप चालवायचे, ते दिवस गेले. तुमच्याबद्दल तो वाईट बोलला असं नाही. तुम्ही त्याला माहीतच नाही, माझ्या तोंडून ऐकलेलेच तेवढे, आणि माझ्या तोंडून बहुतेक हिशेबाचंच निघतं.

मी मात्र हातात दोरा धरून तिथंच उभी राहिले आणि मला तुमची ती जीप दिसायला लागली. दहावीचं वर्ष होतं माझं. आपण घाटनांदूरला राहत होतो आणि तुम्ही मालकाची वडाप जीप चालवायचात. मालकानं कुठल्याशा लग्नात पाहिलं आणि आपल्या जीपला तसलेच जाड टायर घातले, चार गावांत उठून दिसायला. मी परळीला मावशीकडं निघाले होते म्हणून तुम्ही मला पुढं, तुमच्या बाजूला बसवलेलं. मागं माणसं कोंबलेली, दोघं तर फळीवर उभी. अंबाजोगाईच्या पुढं घाट उतरायला लागलो आणि एका वळणावर पायाखालून खर्रर्र असा आवाज आला, दळताना जात्यात खडा यावा तसा. तुमचं कोपर ताठ झालेलं मला अजून दिसतं. स्टिअरिंग अडलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत, ब्रेकवरचा पाय जरासा उचललात, स्टिअरिंग सुटलं, आणि तुम्ही जीप डोंगराच्या अंगाला गटारीत घालून थांबवलीत. मग मला म्हणालात, उतर, चाकाम्होरं धोंडा लाव. मी धोंडा दोन्ही हातांनी ढकलत चाकाखाली नेला तर तुम्ही माझी वेणी धरून मला मागं ओढलंत.

"हात काढ आधी. बोटं गेल्यावर भाकरी काय कोपरानं थापशील?"

फळीवरची माणसं हसली आणि मी रडले. परळीला न जाता तुमच्याबरोबरच परत आले. त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून मला उतार समजावून सांगितलात, हे माझ्या अजून लक्षात आहे. माय भाकरी टाकत होती. तुम्ही परातीची एक कड खाली दाबून दाखवलीत. उतारावर ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते. नाक खाली गेलं की चाक वर मडगार्डात शिरतं. त्यात ते वळलेलं असलं आणि टायर मापापेक्षा मोठा असला तर पत्र्याला जाऊन भिडतं, आणि तू जितका घाबरून ब्रेक दाबशील तितकं ते जास्त अडतं. सपाटीवर उभ्या गाडीला हे कधीच दिसायचं नाही, असं तुम्ही म्हणालात. माय म्हणाली, तिला कशाला सांगताय, ती काय गाडी चालवणार हाय. तुम्ही म्हणालात, बसणार तर हाय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मालकाला सांगितलंत, जुने टायर घाल नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघ. मालक हसला आणि त्यानं दुसरा ड्रायव्हर बघितला. ज्वारी निघेपर्यंत तुम्ही घरी होतात. मायनं त्या दिवसांत तुम्हाला काय काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही, एवढंच की माणसं टायरवरून काम सोडतात हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. पुढं नव्या ड्रायव्हरच्या हातून पुढचा टायर कडेला घासून घासून चिरला. कुणाला लागलं नाही, देवीची कृपा. मालकानं तो पंक्चरवाल्याच्या मागं फेकून दिला. तुम्ही मालकाला जाऊन काही बोलला नाहीत. तो टायर उचलून आणलात आणि त्याच्या तळाच्या चपला मला परीक्षेसाठी शिवून घेतल्यात. किती जड होत्या त्या. परीक्षेच्या खोलीत मी चालले की सगळी पोरं मागं वळून बघायची. मी तुमच्यावर चिडले होते. तुम्ही म्हणालात, चिड, पण झिजणार न्हाईत. त्या चपला माझ्याबरोबर सासरी आल्या.

आता परवाचं सांगते. खंडेनवमीला सकाळी पोरगा चौकात जाऊन टायर बसवून आला. गाडी अंगणात उभी केली, धुतली. खोटं कशाला बोलू, देखणी दिसत होती. माझा नवरात्राचा उपवास, म्हणून गाडीची पूजा मीच करायची. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी पूजेला बसवलेलं अवजार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. गाडीचंही तसंच. कुंकू लागलं, हार चढला, चाकाखाली लिंबं ठेवली की ती दुसऱ्या दिवशी सोनं वाटायच्या वेळीच हलायची. भजनी मंडळाच्या बाया आरतीला आल्या होत्या, माझ्या चुलत सासूबाईही होत्या, ज्यांना अख्खा गाव मावशी म्हणतो. मी ताट घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, मी कुंकू लावणार नाही. पोरगा म्हणाला, म्हंजे. मी म्हटलं, पूजा झालेला टायर मी काढू देणार नाही आणि कुंकवाचा टायर दुकानदारही परत घेणार नाही. तेव्हा आधी मला दाखव, नाक खाली गेल्यावर चाक वळतंय का, मग ओवाळते.

त्यानं आत बसून स्टिअरिंग पूर्ण एका अंगाला फिरवलं, मग दुसऱ्या. काही आवाज आला नाही. खिडकीतून डोकं काढून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, असं नाही, ही सपाटी आहे, पुढं वजन पाहिजे. तेव्हा मावशी म्हणाल्या, मला बसवा बॉनेटवर, नाक काय, गाडी सगळीच जमिनीला टेकंल. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक जण म्हणाली, मावशे, आधी चढायला शिडी आणा, गाडी हाय का उंट. हसणं चांगल्या मनाचंच होतं, पण पोराचं तोंड उतरलं. गाडीतून उतरून तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "गावाम्होरं माझी परीक्षा कावून घेतीस आई? कुणाची आई घेती?" ताट माझ्या हातात, कापूर तसाच, आणि मी हटून उभी. मला वाटत होतं, कुंकू माझ्या हातात आहे तोवर गाडी माझ्या हातात आहे.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सीताफळं भरलेला टेम्पो बीडकडं निघालेला, घाटाच्या तोंडाशी बंद पडलाय, माल पिकलेला आहे, उद्यापर्यंत राहणार नाही, खाली गॅरेजपर्यंत ओढून न्या. पोरगा म्हणाला, येतो. रॉड उचलून मागं टाकला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं, आप्पा, की मी काय करून बसले. पूजा केली असती तर गाडी हलली नसती. त्यानं रीत मोडली नसती, तेवढा तो देवाला मानतो, फोनवरच्या माणसाला दुसऱ्याचा नंबर दिला असता आणि मला उद्यापर्यंतचा वेळ मिळाला असता. मी त्याला अडवायला म्हणून पूजा अडवली आणि तिनंच गाडी मोकळी ठेवली. मी घाईनं करंड्यात बोट घातलं, म्हटलं, थांब, लावते कुंकू.

तो थांबला आणि हसला, पण हसणं चांगलं नव्हतं.

"आता ऱ्हाऊ दे. लावलं की हलवायची न्हाई, व्हय ना? तूच लावलं न्हाईस. गाडी मोकळी हाय."

मी ताट मावशींच्या हातात दिलं. ह्यांना म्हटलं, देवीच्या दिव्यात तेल बघा, विझू देऊ नका. आणि गाडीचं दुसरं दार उघडलं. पायरी आधीच उंच, त्यात बोटभर आणखी चढलेली, पाय पोहोचेना. पोरानं हात दिला नाही. मावशींनी मागून ढकललं तेव्हा चढले. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, उतर म्हणाला नाही. बायांच्या समोर आणखी एक भांडण त्याला नको होतं, की मी बसले तर बरं असं त्यालाही कुठंतरी वाटलं, ते मला ठाऊक नाही.

आम्ही जातोय. मी मनात नाम घेतेय. टेम्पोवाला म्हातारा माणूस होता, मला बघून म्हणाला, माउली कशाला आल्या. पोरगा म्हणाला, फिरायला. रॉड लावला, म्हातारा त्याच्या टेम्पोत स्टिअरिंग धरून बसला, आणि आम्ही घाट उतरायला लागलो. बंद इंजिनच्या गाडीला ब्रेकही धड लागत नाहीत, त्यामुळं तो सगळा भार आमच्या पाठीवर येत होता. रॉड मागून ढकलतोय हे मला बसल्या जागी कळत होतं. पहिलं वळण नीट गेलं. दुसरंही गेलं. रस्ता आता तुमच्या वेळेसारखा नाही, रुंद झालाय, इतकं वळवावं लागत नाही. मला वाटायला लागलं की पोराचंच बरोबर असेल, आणि खरं सांगते, मी देवीला म्हटलं, त्याचंच बरोबर असू दे.

पुढच्या वळणावर एक कंटेनर बंद पडून उभा होता. अर्धा रस्ता त्यानं खाल्लेला, मागं झाडाच्या फांद्या टाकलेल्या, पण त्या वळणावरून आल्याशिवाय दिसत नव्हत्या. पोरानं ब्रेक दाबला आणि जोरात वळवलं. नाक खाली गेलेलं मला पोटात कळलं, आणि मग तो आवाज आला. तोच, आप्पा. इतक्या वर्षांनी, दुसरी गाडी, दुसरा घाट, आणि आवाज तोच. स्टिअरिंग अडलं. आम्ही वळायच्या ऐवजी सरळ त्या कंटेनरच्या मागच्या लोखंडाकडं जात होतो आणि टेम्पो मागून ढकलत होता. मला माहीत होतं काय करायचं ते. ब्रेक सोड म्हणायचं. एवढे दोन शब्द. माझं तोंड उघडलं नाही. पोराच्या कोपराकडं बघत बसले, ते तुमच्यासारखंच ताठ झालं होतं.

आणि त्यानं पाय उचलला. मी सांगितलं नाही, कुणी सांगितलं नाही. लोखंड समोर वाढत येत असताना त्यानं ब्रेक सोडला. गाडी क्षणभर आणखी सुटली, नाक वर आलं, चाक मोकळं झालं आणि कंटेनर माझ्या खिडकीवरून हातभर अंतरानं गेला. मग थोडा थोडा ब्रेक देत त्यानं गाडी डोंगराच्या कडेला घेतली. उतरला. स्वतःच दगड शोधून चाकापुढं लावला, हात न घालता, पायानं सरकवून. वाकून मडगार्डाच्या आत बोटं फिरवली, बोटांना काळं लागलं ते पँटला पुसलं. म्हातारा टेम्पोतून उतरून रस्त्याच्या कडेला हात जोडून बसला होता. पोरानं खालच्या गॅरेजवाल्याला फोन करून दुसरी गाडी मागवली, काम त्याला देऊन टाकलं, आणि आम्ही रिकामे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घरी आलो. वाटेत त्यानं एकच विचारलं, "लागलं का कुठं?" मी म्हटलं, न्हाई.

दसऱ्याला सकाळीच त्यानं मोठे टायर काढून जुने घातले आणि मी जुन्या चाकांना कुंकू लावलं. दुकानदार घाटात चाललेले टायर परत घ्यायला तयार नाही, पण बदल्यात दुसरे घेतले तर काही धरून देतो म्हणतोय. आज पोरगा स्वयंपाकघरात आला. चुलीच्या जागी आता गॅस आहे, पण मी परात पुढं घेऊन खालीच बसते. तो समोर पाटावर बसला. म्हणाला, आई, दोन साईज मोठे बसत न्हाईत. एक साईज मोठे बसतील. मी दुकानात तसले घालून, पुढं दोघांना बंपरवर उभं करून, वळवून बघितलं, पत्र्यापासून दोन बोटं जागा ऱ्हाती. आणि मग म्हणाला, "तू सांग. घेऊ का?"

गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगते.

आणि आता इथंच अडलंय. दोन बोटं पुरतात की नाही हे मला ठाऊक नाही. मागं भरलेली गाडी असली, रस्ता खड्ड्याचा असला, तर ती दोन बोटं राहतील का, हे परातीच्या कडेनं समजत नाही. नको म्हटलं तर तो ऐकेल, आता ऐकेल, आणि पुढच्या पावसात पुन्हा कुठंतरी टेकून बसेल आणि चौकात त्याचं पुन्हा हसं होईल. घे म्हटलं आणि काही झालं, तर ते माझ्या शब्दावर झालेलं असेल. पण हेही सगळं खरं नाही. नको म्हणावंसं मला वाटतंय त्याचं दुसरंही कारण आहे, आणि ते तुम्हालाच सांगता येईल. तो आवाज आला तेव्हा, स्टिअरिंग अडलेलं, लोखंड समोर, आणि माझं लेकरू दोन्ही हातांनी आमचा दोघांचा जीव ओढून धरत होतं, तेव्हा माझ्या मनात देवीचं नाव नव्हतं. बघ, म्हटलं होतं ना, असं आलं होतं, आणि ते आल्यावर मला बरं वाटलं होतं. घडीभरच, पण वाटलं होतं. तोंड भीतीनं मिटलं होतं की त्या बरं वाटण्यानं, हे मी अजून स्वतःला धड सांगू शकलेले नाही. उद्या नको म्हणाले तर ते पोराच्या काळजीनं म्हणेन की त्या बरं वाटण्याची चव लागली म्हणून, हे कसं ओळखायचं?

हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला कळतंय. तरी लिहायचं ते लिहिते. दोन बोटं पुरतात का, आणि एक साईज मोठे घेऊ द्यावेत का, ते उलट टपाली कळवावं.